नांव ठेवणारे आणि नांवें ठेवणारे

आपल्या मराठी भाषेंत एक मोठी मौज आहे. घरांत मूल जन्मलें म्हणजे आपण त्याचें नांव ठेवतों; आणि कोणाची निंदा करावयाची झाली म्हणजे त्याला नांवें ठेवतों. एका मात्रेचा काय तो फरक! पण ह्या एका मात्रेखालीं आमच्या शेतकरी-कसबकरी समाजाच्या किती पिढ्या चिरडल्या गेल्या, त्याचा हिशेब कोणीं मांडला आहे काय? वरच्या आळींतल्या पोराचें नांव ठेवलें गेलें. खालच्या आळींतल्या पोराला, तें पाळण्यांत असतांनाच, नांवें ठेवलीं गेलीं. आज ह्या गोष्टीचा चार शब्दांत, पण स्पष्ट शब्दांत, समाचार घ्यावयाचा आहे. विषय लहान वाटला तरी लहान नाहीं. भाकरीचा प्रश्न मोठा खरा; पण जो माणूस स्वतःच्या बापाचें नांव चारचौघांत उच्चारावयास लाजतो, त्याला भाकरी मिळाली तरी ती मान खालीं घालूनच खावी लागते.

हल्लीं कॉलेजांत, कचेरींत, बँकेंत एक प्रकार नित्य पाहावयास मिळतो. शेतकऱ्याचा मुलगा फॉर्म भरीत असतो. स्वतःचें नांव तो झोकांत लिहितो, साहिल म्हणा कीं रोहन म्हणा, आडनांवहि लिहितो, आणि मधल्या जागीं त्याचें पेन अडखळतें. तेथें बापाचें नांव लिहावयाचें असतें. बापाचें नांव दगडू. मुलगा इकडेतिकडे पाहतो आणि हळूच 'डी.' असें एक अक्षर व एक टिंब टाकून मोकळा होतो. ज्या बापानें उन्हातान्हांत औत धरलें, सोसायटीचें कर्ज अंगावर घेऊन फी भरली, तो अख्खा बाप त्या टिंबाआड गडप! विचारलें तर मुलगा म्हणतो, "पोरें हंसतात."

पोरें हंसतात हें खरें आहे. खोटें कशाला बोला? दगडू, धोंडू, केरू, भिकू, कचरू असें एखादें नांव आलें कीं वर्गांत खसखस पिकते. पण आमचा सवाल असा कीं, हंसूं येतें तें कशाला? दगड ही काय हंसावयाची वस्तु आहे? घराचा पाया दगडाचा, जातें दगडाचें, वेशीवरचा मारुती दगडाचा, पंढरीचा विठोबाहि दगडाचाच! देवळांत ज्या दगडापुढें नाक घासावयाचें, तोच दगड माणसाचें नांव झाला कीं फिदिफिदि हंसावयाचें, हा कोठला न्याय? तेव्हां हंसूं दगडाला येत नाहीं. तें नांव ज्या घरांत नांदतें त्या घराला येतें. ही गांठ आधीं नीट उकलली पाहिजे.

हीं नांवें आमच्या घरांत आलीं कशीं? आईबापांना दुसरीं सुचलीं नाहींत म्हणून? मुळींच नाहीं. ज्या काळीं खेड्यांत डॉक्टर नव्हता, देवी आणि पटकी गांवेंच्या गांवें धुऊन नेत होती, त्या काळीं एखाद्या बाईचीं दोन-तीन लेंकरें ओळीनें जात. मग चौथें पोटीं आलें म्हणजे ती हबकून जाई. ह्या खेपेस मरणाला फसवावयाचें, असें ती मनाशीं ठरवी. लेंकरूं सोन्यासारखें आहे असें बोलून दाखवलें तर दृष्ट लागेल, सटवी नेईल. म्हणून ती मोठ्यानें सांगे कीं, हा तर दगड आहे, धोंडा आहे, घरचा केर आहे. ह्याला नेऊन कोणाला काय मिळणार? कोठें लेंकरूं घटकाभर उकिरड्यावर ठेवीत आणि मग उचलून घेत. कोठें शेजारणीच्या ओटींत घालीत आणि मूठभर धान्य देऊन परत मागून घेत. मागून घेतला म्हणून तो भिकू. कोणी अधिक महिन्यांत जन्मला, त्या महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतों, म्हणून तो धोंडू. असें आहे ह्या नांवांचें मूळ!

आम्ही सत्यशोधक आहों. असल्या युक्तीनें मरण टळत नाहीं हें आम्ही जाणतों. देवीचा रोग कोणाच्या नांवानें गेला नाहीं. तो लशीनें गेला, आणि भारतांतून तो नाहींसा झाल्याचें १९७७ सालीं जाहीर झालें. म्हणून नव्या पोराचें नांव भीतीपोटीं कचरू ठेवा, असें सांगावयास आम्ही बसलेलों नाहीं. पण आमचें म्हणणें असें कीं, त्या जुन्या नांवांत तिरस्काराचा लवलेशहि नव्हता. ती एका आईनें मरणाच्या तोंडावर मारलेली थाप होती. आपलें पोर वांचावें म्हणून स्वतःच्या तोंडानें त्याला केर म्हणणाऱ्या त्या बाईचें काळीज कसें झालें असेल, ह्याचा विचार करा. आणि मग हंसा, हंसवत असेल तर!

मग ह्या मायेच्या नांवाला घाण कोणीं चिकटवली? त्यासाठीं मनूची पोथी उघडली पाहिजे. त्या पोथीच्या दुसऱ्या अध्यायांत नामकरणाचा कायदाच घालून दिला आहे. ब्राह्मणाचें नांव मंगल असावें, क्षत्रियाच्या नांवांत बळ असावें, वैश्याच्या नांवांत धन असावें, आणि शूद्राचें नांव? तें ऐकतांच किळस यावी असें असावें! एवढ्यानें समाधान झालें नाहीं म्हणून पुढें जोड दिली आहे कीं, शूद्राच्या नांवाला चाकरी सुचवणारें शेपूट लावावें. पोटांत असलेल्या पोरानें कोणता गुन्हा केला होता? तें अजून रडलेंहि नाहीं, तोंच त्याच्या कपाळीं किळस आणि चाकरी लिहून ठेवली! जमीन मागाहून हिसकली, विद्या मागाहून नाकारली; पहिली चोरी पाळण्यांतच झाली.

आमच्या आयांनीं मनु वाचला नव्हता. ती पोथी त्यांच्या हातीं लागूं दिली कोणीं? त्यांनीं नांव ठेवलें तें मायेनें. पण तें नांव ऐकणारा जो कान होता, तो मात्र ह्या पोथीवर पोसलेला होता. आईची थाप यमासाठीं होती. यम फसला कीं नाहीं कोण जाणे. पण गांवचा कुळकर्णी आणि जोशीबुवा मात्र पुरते फसले! त्यांनीं त्या पोराला खरोखरच धोंडा मानलें आणि तोंडानें 'धोंड्या' म्हणून हांक मारली. ज्या पोथींतून हा कान घडला, ती पोथी महाडास २५ डिसेंबर १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढारीपणाखालीं जाळण्यांत आली. आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्मानें ब्राह्मण होते, हेंहि आम्ही मोकळ्या मनानें सांगतों. आमचें भांडण जातीच्या माणसाशीं नाहीं, भिक्षुकशाहीच्या कानाशीं आहे. पोथी जळली; कान अजून शाबूत आहे.

कोणी म्हणेल, "नांवच वाईट, त्याला कान काय करणार?" त्याला आम्ही एकच दाखला देतों. महर्षि कर्वे यांचें नांव काय होतें? धोंडो केशव कर्वे! धोंडो म्हणजे तरी काय? धोंडाच कीं! १८५८ सालीं जन्मलेल्या ह्या थोर पुरुषानें विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठीं देह झिजवला, १९१६ सालीं महिलांचें विद्यापीठ उभें केलें, आणि १९५८ सालीं त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. पण वाचकहो, त्यांचें नांव ऐकून कोणत्या वर्गांत खसखस पिकली? ते धोंडोपंत, ते अण्णासाहेब, ते महर्षि! धोंडा तोच. एका घरांत तो महर्षि होतो आणि दुसऱ्या घरांत तो धोंड्या होतो. मग दोष धोंड्याचा कीं तोंडाचा?

उलट बाजूनेंहि पाहा. आमच्या माणसानें देवाचें चांगलें सोवळें नांव घेतलें म्हणून त्याला मान मिळाला काय? रामचंद्र नांव ठेवा. वाड्यावर तो रामाच, आणि धन्याला राग आला कीं राम्या. गणपति ठेवा, तो गण्या. विठ्ठल ठेवा; तो विठ्या. देवाचें नांवसुद्धां आमच्या अंगावर आलें कीं त्याची शेंडी कापली जाते! ज्याच्या नांवापुढें 'पंत' आणि 'राव' लागतो, त्याचा देव मोठा. ज्याच्या नांवामागें 'या' लागतो, त्याचा देवहि शूद्र. ही गोष्ट एकदां ध्यानांत आली म्हणजे नांव बदलून मान मिळेल ही भोळी समजूत आपोआप गळून पडते.

ह्या तोडक्या नांवांनीं आमचा केवळ मान गेला असें नाहीं, जमिनीच्या कागदालाहि वाळवी लागली. जुने दस्तऐवज काढून पाहा: 'धोंडी बिन राणू', 'सखू कोम धोंडी'. बाप 'बिन' मागें, बायको 'कोम' मागें, आणि ज्याला जसें ऐकूं आलें तसें त्यानें लिहिलें. आज नातू वारसनोंदीला जातो तेव्हां सातबारावर धोंड्या, शाळेच्या दाखल्यावर धोंडीबा, आधार कार्डावर धोंडीराम! मग तिन्हीं नांवांचा माणूस एकच, असें प्रतिज्ञापत्र करा, खेटे घाला, मजुरी बुडवा. आजोबाला कोणीं एकदां धड नांवानें हांक मारली नाहीं, त्याचा दंड नातू भरतो आहे.

आतां नांवाला मान कशानें येतो तें पाहूं. तुकोबांनीं आपल्या अभंगांच्या अखेरीस स्वतःचें नांव काय घातलें? नुसतें तुका. ना पंत, ना राव, ना शास्त्री. गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, चोखा महार, दासी जनी, हीं सारीं दोन-तीन अक्षरांचीं नांवें. तुका शब्दाचा अर्थ काय, हें कोशांत पाहावयास कोणी जातो काय? तें नांव उच्चारतांच देहूची इंद्रायणी डोळ्यांपुढें उभी राहते आणि आषाढांत वाटेनें चालणारा शेतकरी त्याला आपण होऊन 'तुकोबाराय' म्हणतो. तो 'राय' कोणा राजानें दिला नाहीं, कोणा पोथीनें दिला नाहीं. लाखों कष्टकऱ्यांच्या तोंडांनीं दिला. मंगळवेढ्यास भिंतीखालीं चिरडून मेलेल्या चोख्याच्या नांवानें आज माणसें डोळे पुसतात.

सावित्री हें दुसरें उदाहरण घ्या. हें नांव शेंकडों वर्षें एकाच गोष्टीसाठीं सांगितलें जाई: नवऱ्याच्या प्राणासाठीं यमामागें गेलेली पतिव्रता आणि वडाला गुंडाळलेलें सूत. मग १८३१ सालीं नायगांवच्या एका शेतकरी घरांत एक मुलगी जन्मली. तिनें जोतीरावांच्या बरोबरीनें उभें राहून १८४८ पासून पुण्यांत मुलींना शिकवलें, अंगावर शेणमाती झेलली, आणि १८९७ सालीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां देह ठेवला. आज 'सावित्रीच्या लेकी' म्हटलें म्हणजे कोणाच्या डोळ्यांपुढें वडाचें झाड येतें? पाटी येते, पेन्सिल येते, शाळेला निघालेली पोर येते! एका माळणीच्या करणीनें एका पुराणांतल्या नांवाचा अर्थ फिरवला. नांवाचा अर्थ पंचांगांत नसतो, माणसाच्या हातांत असतो, ह्याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे?

पण आम्ही अजून पंचांगच धरून बसलों आहों! मूल जन्मलें कीं बाप धांवत सुटतो, "कोणतें अक्षर निघालें?" सत्तावीस नक्षत्रें, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून एकशेंआठ अक्षरें, आणि त्या अक्षरानें नांव सुरू झालें नाहीं तर पोराचें वाटोळें होईल म्हणे! ठीक आहे, मग आर्द्रा नक्षत्राचा तिसरा चरण घ्या. त्याचें अक्षर 'ङ'. उत्तराभाद्रपदेचा चौथा चरण घ्या. त्याचें अक्षर 'ञ'. हस्ताचा तिसरा चरण घ्या. त्याचें अक्षर 'ण'. आतां जोशीबुवांनीं 'ङ' पासून सुरू होणारें एखादें नांव सांगावें, आम्ही पेढे वांटूं! नांव नाहींच; मग बुवा म्हणतात, "दुसरें अक्षर चालेल." दुसरें चालतें तर पहिलें कशाला? आणि पहिल्याचीच जर गरज नाहीं, तर दक्षिणा कशाची? जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याच्या घरांतून भटभिक्षुकांची कमाई कशी चालते, तें जोतीरावांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या पुस्तकांत उघडें करून दाखवलें आहे. त्याला आतां १४० वर्षें उलटून गेलीं. तेव्हां बुवा दारीं येत, आतां बुवा मोबाईलांत शिरले. पण अक्षर विकण्याचा धंदा तोच.

दुसरीकडे नव्या शिकलेल्यांचें निराळेंच खूळ. शहरांत कोणीं ठेवलें म्हणून आम्ही ठेवावयाचें. नांव जितकें अवघड तितकें उंची. घरांत आजीला नातवाचें नांव उच्चारतां येत नाहीं. ती बिचारी नुसतें 'बाळा' म्हणून वेळ मारून नेते. गैरसमज नको. कोणतेंहि नांव कोणाची मिरास नाहीं. चांभाराच्या पोराचें नांव वेदांत ठेवा, कुंभाराच्या पोरीचें गायत्री ठेवा; तो तुमचा हक्क आहे आणि तो कोणाला विचारून घ्यावयाचा नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तें आवडलें म्हणून ठेवा, आपल्या वाडवडिलांची लाज वाटली म्हणून ठेवूं नका. लाजेनें ठेवलेलें नांव म्हणजे दुसऱ्याचा उसना सदरा. आडनांव विचारलें कीं पुन्हां बटण तुटतें.

येथवर आम्ही दुसऱ्यांना बोललों. आतां आपल्या पदराखालची आग पाहूं. नाहीं तर सत्यशोधक म्हणवून घेण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

मुलगा जगावा म्हणून आईनें त्याला दगड म्हटलें. आणि मुलगी? लागोपाठ मुली झाल्या म्हणजे आमच्याच शेतकरी घरांतून तिला नांव मिळालें 'नकुसा'. नको होती ती नकुसा! सातारा जिल्ह्यांत २२ ऑक्टोबर २०११ रोजीं अशा २८५ मुलींना समारंभानें नवीं नांवें देण्यांत आलीं. कित्येकींनीं आपलें नवें नांव आपणच निवडलें. २८५ हा कांहीं आंकडा नव्हे, तो आमच्या गालावरचा वळ आहे. ह्या नांवाला कोणता मनु जबाबदार? कोणता जोशी जबाबदार? दगडू हें नांव पोर हवें होतें म्हणून मरणाशीं बोललेलें खोटें. नकुसा हें नांव पोर नको होती म्हणून तिच्याच तोंडावर बोललेलें खरें. पाणी आण, नकुसे. भाकरी वाढ, नकुसे. दिवसांतून दहा वेळां त्या पोरीला तिच्या जन्माची तक्रार ऐकवली. शाळेंत हजेरीला 'हजर' म्हणतांना ती काय म्हणत होती? "जी नको होती ती हजर आहे!"

आणि नांव बदललें म्हणजे मन बदललें असेंहि नाहीं. सहा वर्षांखालील दर १००० मुलग्यांमागें मुली किती, हें शिरगणतींत मोजतात. महाराष्ट्रांत २००१ सालीं त्या ९१३ होत्या, २०११ सालीं ८९४ झाल्या. ज्यांना जन्मूंच दिलें नाहीं त्यांना नकुसा हें नांवसुद्धां मिळालें नाहीं. सोनोग्राफीच्या खोलींत जाऊन पोरीचा निकाल लावणारा शेतकरी आणि शूद्राच्या नांवाला किळस लावणारा मनु, ह्यांत आम्हांस तर भेद दिसत नाहीं.

पुढें चला. ब्राह्मणानें आपल्याला धोंड्या म्हटलें म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या कळवळलों. पण पाटलाच्या ओसरीवर आपल्याच न्हाव्याला, कुंभाराला, परटाला काय म्हणून हांक मारीत होते? "ए न्हाव्या!" "ए परटा!" त्याला तर तोडकेंहि नांव दिलें नाहीं, जात हेंच नांव! आणि महार-मांगाच्या म्हाताऱ्याला पाटलाचें दहा वर्षांचें पोर 'अरे-तुरे' करी, तेव्हां ओसरीवरचा कोण म्हणाला कीं, "बाळ, त्यांना आजोबा म्हण"? अजूनहि सालगड्याला, झाडूवाल्याला, ऊसतोडणीवाल्याला पुरत्या नांवानें हांक मारावयास आपली जीभ जड होते. ज्याला आपल्या नांवाचा मान हवा, त्यानें तो आधीं दुसऱ्याच्या नांवाला दिला पाहिजे. वरून लाथ खावयाची आणि खालीं लाथ द्यावयाची, ह्यालाच तर चातुर्वर्ण्य म्हणतात!

आतां घरांत या. आपली बाई हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, दर कार्याला नवऱ्याचें 'नांव घेते', उखाणा रचून घेते. तिचें नांव कोण घेतो? आईबापांनीं हौसेनें ठेवलेलें नांव माहेरच्या वेशींत राहतें आणि सासरीं ती "अगं ए" होऊन येते. लग्नांत ताटभर तांदुळांत बोटानें नवें नांव लिहून बायकोचें जुनें नांव पुसावयाची चाल पांढरपेशा घरांतली. डॉक्टरीण आनंदीबाई जोशी ह्या माहेरच्या यमुना. महर्षि कर्व्यांची दुसरी बायको आनंदीबाई ह्या मूळच्या गोदूबाई. ती चाल आमच्या घरांनीं मोठेपणा म्हणून उचलली. वीस वर्षें ज्या नांवाला ओ दिली, तें तांदुळांत बोट फिरवून पुसावयाचें! गाय विकत आणली तरी तिचें कपिला नांव आपण राहूं देतों. सरकारनें मार्च २०२४ मध्यें असें ठरवलें कीं, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नांवापुढें आधीं आईचें नांव, मग बापाचें, आणि मग आडनांव लिहावयाचें. हा निर्णय चांगला आहे. कागदावर आईचें नांव आलें. तें आतां तोंडांत आलें पाहिजे.

तेव्हां बंधुभगिनींनो, करावयाचें तें थोडें आहे आणि त्याला पैसा लागत नाहीं. मूल झाल्यावर २१ दिवसांच्या आंत जन्माची नोंद करा आणि नांव पुरतें व स्वच्छ लिहवून घ्या. अक्षर कोणाला विचारूं नका. पाळण्याभोंवतीं जमलेल्या आत्याबाई, आजी, मामी ह्यांनीं मिळून ठरवा आणि दक्षिणेचे पैसे पोराच्या पुस्तकांसाठीं ठेवा. नकुसा, नकोशी असलें नांव ज्या घरांत आजहि असेल, त्या घरानें त्या पोरीला बसवून तिलाच विचारावें कीं, बाई, तुला काय म्हणून हांक मारूं? लग्न होऊन आलेल्या सुनेचें नांव तिच्यापाशींच राहूं द्या. आणि शेजाऱ्याला, बलुतेदाराला, गड्याला, मोलकरणीला पुरत्या नांवानें आणि 'अहो' म्हणून बोला. महिनाभर करून पाहा. जीभ झिजत नाहीं.

आणि तूं, फॉर्म भरणाऱ्या मुला! तुझ्यावर आमचा राग नाहीं. तुला लाज शिकवली गेली, ती तुझी नव्हे. पण आज घरीं गेलास कीं आजीपाशीं बस आणि तिला विचार, "आजी, बाबांचें नांव दगडू कां ठेवलें?" ती आधीं हंसेल. मग थोडा वेळ गप्प बसेल. मग त्याच्या आधीं गेलेल्या लेंकरांचीं नांवें एकेक करून सांगेल. तीं कोणत्याहि दाखल्यावर नाहींत, तिच्याच जवळ आहेत. तें ऐकून घे, आणि उद्यां तो 'डी.' खोडून तेथें स्वच्छ अक्षरांत पुरतें लिही: दगडू. कोणी हंसला तर त्याला हंसूं दे. तुझ्या बापाचें नांव त्याच्या आईनें मरणाच्या हातून सोडवून आणलेलें आहे; तें एका टिंबाखालीं पुरून टाकण्याचा अधिकार तुला नाहीं.

— एक सत्यशोधक